सुट्टीच्या दिवशी घरी किती चित्रपट पाहावेत आणि कोणत्या क्रमाने?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आठवड्यातून मिळणारी एकुलती एक सुट्टी तुम्ही घरी चित्रपट पाहण्यात घालवायचे ठरवता. सकाळचा तास-दीड तास काय पाहायचे हे शोधण्यातच जातो, पहिला चित्रपट वीस मिनिटांत सोडून दिला जातो, दुसरा फोन हातात घेऊन पाहिला जातो, तिसऱ्याच्या वेळी डोळा लागतो आणि रात्री दिवस हातातून निसटल्याची रुखरुख उरते. एका दिवसात किती चित्रपट पाहावेत, कोणत्या क्रमाने पाहावेत आणि ४३ इंची टीव्ही तीन मीटरवरून पाहिल्यामुळे रंगत येत नसेल तर मोठा टीव्ही घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे.

मी वीसहून अधिक वर्षे एका फिल्म सोसायटीसाठी चित्रपट निवडण्याचे आणि दाखवण्याचे काम केले. त्यातली सुरुवातीची वर्षे प्रोजेक्टरच्या खोलीत गेली, नंतरची कार्यक्रम आखण्यात. वर्षातून तीन-चार वेळा आम्ही दिवसभराचे सत्र ठेवत असू. त्या दिवशी मी बहुतेक वेळ सभागृहाच्या मागच्या भिंतीला टेकून उभा असे, आणि प्रेक्षक कधी सावरून बसतात, कधी चुळबुळ करतात, कधी माना टाकतात हे मला पडद्याइतकेच स्पष्ट दिसे. पुढे जे लिहितो आहे त्याचा आधार बराचसा तोच आहे.

तुमची खरी अडचण चित्रपटांच्या निवडीची आहे असे मला वाटत नाही. चित्रपटगृहात काही कामे आपल्या नकळत दुसरे कोणीतरी करत असते: चित्रपट आधीच ठरलेला असतो, खेळाची वेळ पक्की असते, दिवे मालवले जातात, मध्यंतर कुठे करायचे ते कोणीतरी ठरवते आणि चित्रपट संपल्यावर आपल्याला बाहेर काढले जाते. घरी यांपैकी एकही काम आपोआप होत नाही. चित्रपट पाहणारा आणि चित्रपटगृह चालवणारा अशा दोन्ही भूमिका तुमच्याकडे येतात, आणि बहुतेक जण दुसरी भूमिका आपल्याकडे आली आहे हे लक्षातच न घेता फक्त पहिली निभावायला बसतात. त्यातून दिवसाचे तुकडे होतात.

काही गोष्टी अर्थातच परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही एकटे राहता की घरात इतर माणसे आणि लहान मुले आहेत, खोलीला किती खिडक्या आहेत, आठवडाभराचा थकवा शरीराचा आहे की डोक्याचा, यांनुसार पुढचे तपशील बदलतील. तुम्हाला त्या दिवशी केवळ पडून राहायचे असेल आणि टीव्ही पार्श्वभूमीला चालू हवा असेल तर तेही योग्यच आहे. त्या वेळी आधी पाहिलेले काहीही लावावे आणि रुखरुख बाळगू नये. मात्र तुम्ही प्रश्न विचारला आहे, त्या अर्थी तुम्हाला चित्रपट पाहायचे आहेत असे धरून चालतो.

संख्येचे उत्तर सरळ आहे. दोन. आमच्या दिवसभराच्या सत्रांत पहिल्या काही वर्षी आम्ही चार-चार चित्रपट ठेवत असू, कारण भाड्याने घेतलेल्या सभागृहाचा पुरेपूर उपयोग करावा असे समितीला वाटे. तिसऱ्या चित्रपटानंतरच्या चर्चेत लोक पहिल्या चित्रपटातील प्रसंग तिसऱ्यात घालून बोलू लागत, आणि चौथ्याला जे थांबत ते बहुधा शेवटच्या गाडीची वाट पाहत असत. सभागृहात शंभर माणसांची सोबत आणि पूर्ण अंधार असूनही ही गत होत असेल, तर घरच्या सोफ्यावर तिसऱ्या चित्रपटाकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. तीन तासांहून लांबीचा एखादा चित्रपट घेतलात तर तो एकटाच दोन म्हणून धरावा. अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन समुराई’ (१९५४) २०७ मिनिटांचा आहे आणि त्यात मध्यंतराची जागा आधीच ठेवलेली आहे. तिथेच थांबावे, उठून पाय मोकळे करावेत आणि मग उत्तरार्ध पाहावा.

आता निवडीबद्दल. चित्रपट आदल्या रात्री ठरवावेत, आणि तेही नावानिशी, वेळेनिशी, कागदावर लिहून. सकाळी उठून निवडायला बसणे ही मुळातली चूक आहे, कारण त्या वेळी तुमच्याकडे पूर्ण दिवस असतो आणि पूर्ण दिवस हातात असलेला माणूस कोणत्याच पर्यायावर समाधान मानत नाही. आणखी खाली सरकवले तर याहून चांगले काही सापडेल असे त्याला सतत वाटत राहते. आदल्या रात्री माणूस थकलेला असतो आणि थकलेला माणूस लवकर निर्णय घेतो. मी घरी पाहायच्या चित्रपटांची यादी वर्षभर वहीत लिहीत असतो: कोणी काही सुचवले, कुठे काही वाचले की नाव टिपायचे आणि शेजारी लांबी मिनिटांत लिहायची. सुट्टीच्या आदल्या रात्री त्या वहीतून दोन नावे काढायला पाच मिनिटे लागतात. ठरवलेला चित्रपट तुमच्या ऑनलाइन चित्रपट-सेवेवर उपलब्ध आहे का, उपशीर्षके नीट दिसतात का, हेही त्याच वेळी अर्धे मिनिट चालवून पाहावे. प्रोजेक्टरच्या खोलीत आम्ही प्रत्येक रीळ खेळाआधी तपासून घेत असू. घरीही ती सवय वाया जात नाही.

क्रमाबद्दल मी जरा विस्ताराने लिहितो, कारण तुम्ही ज्या गोष्टीला चित्रपटाचा दोष समजत आहात तो पुष्कळदा क्रमाचा दोष असतो. एका वर्षी आम्ही सकाळी एक अतिशय करुण युद्धपट दाखवला आणि लगेच त्यानंतर एक उत्तम विनोदी चित्रपट ठेवला, हेतू असा की लोकांचे मन हलके व्हावे. पहिला अर्धा तास सभागृहात कोणीही हसले नाही. ज्या प्रसंगांवर मी स्वतः खोलीत एकटा बसून मोठ्याने हसलो होतो, ते प्रसंग ओळीने शांततेत वाहून गेले. पुढच्या वर्षी तोच विनोदी चित्रपट मी सकाळी पहिला ठेवला आणि तिसऱ्या मिनिटाला हशा पिकला. शंभरेक वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या सोव्हिएत दिग्दर्शकाने एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांशेजारी जोडून दाखवला होता आणि शेजारचे दृश्य बदलले की पाहणाऱ्याला त्या चेहऱ्यावरचा भाव बदललेला वाटतो हे मांडले होते. दोन दृश्यांच्या बाबतीत जे घडते तेच दोन चित्रपटांच्या बाबतीतही घडते, फक्त त्याला तास लागतात. म्हणून जड चित्रपट दिवसात एकच असावा, आणि तो शेवटी असावा, म्हणजे त्याच्यानंतर त्याला पुसून टाकायला काही येत नाही.

याला एक अपवाद मी करतो, तो उपशीर्षकांचा. अनोळखी भाषेतील चित्रपटात डोळ्यांना एकाच वेळी वाचायचे आणि पाहायचेही असते, आणि हे काम ताज्या डोक्यानेच नीट होते. असा चित्रपट सकाळी पाहावा, मग तो थोडा गंभीर असला तरी चालेल. दुपारी मात्र काहीच ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साधारण एक ते तीन-साडेतीनच्या दरम्यान शरीराची जागरूकता उतरते. जेवणाने त्यात भर पडते, परंतु न जेवताही ही उतरण येतेच, कारण ती शरीराच्या दैनंदिन घड्याळाचा भाग आहे. तुम्हाला तिसऱ्या चित्रपटाला झोप लागते असे तुम्ही लिहिले आहे. वेळांचा हिशेब केलात तर तो चित्रपट नेमका याच तासांत पडत असेल असा माझा अंदाज आहे. त्या वेळी सरळ झोपावे. झोपेशी झगडत पाहिलेला चित्रपट पाहिल्यासारखा होत नाही, आणि झोपही झाल्यासारखी होत नाही.

दुपार टाळण्याचे आणखी एक कारण प्रकाशाचे आहे. भरउन्हात खोलीत पुरेसा अंधार करणे कठीण असते, आणि रात्रीच्या प्रसंगांनी भरलेला चित्रपट अशा खोलीत पाहायला घेतला तर निम्मा वेळ टीव्हीच्या काचेत आपलाच चेहरा दिसत राहतो. चित्रपटगृहातील पडदा प्रत्यक्षात फार उजळ नसतो. डिजिटल प्रक्षेपणासाठी पांढऱ्या रंगाच्या उजळपणाचे ठरलेले मान ४८ कॅन्डेला प्रति चौरस मीटर आहे आणि घरातला साधा टीव्हीही याच्या कितीतरी पुढे जातो. पडदा झळाळता वाटतो तो भोवतालच्या अंधारामुळे. तेव्हा टीव्हीचा उजळपणा वाढवण्यापेक्षा खोलीचा प्रकाश कमी करणे हा उपाय अधिक चांगला आणि फुकटचा आहे. सकाळचा चित्रपट दिवसाच्या प्रसंगांचा, उजेडाचा निवडावा आणि काळोखाचा चित्रपट सूर्यास्तानंतर लावावा. मिट्ट अंधारात डोळे शिणत असतील तर टीव्हीच्या मागच्या भिंतीवर मंद पांढरा दिवा ठेवावा. तो समोरून डोळ्यांत येता कामा नये, एवढे पाहावे.

तर साधारण आराखडा असा होतो: सकाळी दहाला पहिला चित्रपट, दुपार मोकळी, संध्याकाळी सहा-साडेसहाला दुसरा. मधले पाच-सहा तास रिकामे वाटतील, पण चित्रपट मनात मुरतो तो याच वेळात. या वेळात मी घराबाहेर पडून चालून येतो आणि वहीत तीन-चार ओळी लिहितो: कोणते दृश्य डोळ्यांसमोर राहिले, कोणाचे वागणे पटले नाही, एवढेच. इतरांनी त्या चित्रपटावर काय लिहिले आहे ते मी त्या दिवशी वाचत नाही, कारण परक्याचे चार परिच्छेद वाचले की आपले कच्चे मत लाजून मागे सरते आणि पुन्हा सापडत नाही. मधल्या वेळात काहीतरी पाहायचेच असेल तर दहा-पंधरा मिनिटांचा लघुपट पाहावा. पॅरिसमध्ये २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून जो पहिला खेळ केला, त्यात प्रत्येकी मिनिटाहून कमी लांबीच्या दहा चित्रफिती होत्या. छोट्या चित्रपटाला तेव्हापासूनची परंपरा आहे आणि आपण त्याला उगाच दुय्यम मानतो.

पहिला चित्रपट वीस मिनिटांत सोडून देण्याबद्दल. रिळांच्या काळात दोन हजार फुटांचे एक रीळ सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) या गतीने साधारण २२ मिनिटे चाले आणि ते संपत आले की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटे, म्हणजे दुसरे यंत्र सुरू करायचे. त्या सवयीने मी अजूनही चित्रपट रिळांत मोजतो. माझ्या अनुभवात पहिल्या रिळात बहुतेक चित्रपट फक्त माणसांची आणि जागेची ओळख करून देतात; कथेला खरा हात घातला जातो तो त्याच्या पुढे. तुम्ही नेमके दार उघडायच्या वेळी उठून जात आहात. मी प्रत्येक चित्रपटाला दीड रीळ देतो, म्हणजे सुमारे ३३ मिनिटे. तेवढ्यात जमले नाही तर निःसंकोचपणे बंद करतो, पण त्याच्या जागी लगेच दुसरा शोधायला बसत नाही. तो खेळ रद्द झाला असे समजतो. ही अट कडक वाटेल, परंतु बदली चित्रपट मिळणार नाही हे माहीत असले की हातातला चित्रपट माणूस अधिक मनापासून पाहतो.

सुरुवात चुकू नये हा आग्रह काही माझा एकट्याचा नाही. अमेरिकेत प्रेक्षक पूर्वी चालू खेळात केव्हाही येऊन बसत आणि पुढच्या खेळात राहिलेला भाग पाहत. १९६० मध्ये ‘सायको’ प्रदर्शित झाला तेव्हा आल्फ्रेड हिचकॉक यांनी खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये अशी अट घातली. घरी ही अट तुम्ही स्वतःला घालायची आहे. दहाचा खेळ म्हणजे दहाचा. फोन दुसऱ्या खोलीत, आवाज बंद करून. फोन शेजारी पालथा ठेवला तरी अर्धे लक्ष त्याच्याकडे राहते, हे मी स्वतःवर अनेकदा पाहिले आहे. घरात इतर माणसे असतील तर त्यांना आधीच सांगावे की अमुक वाजता दहा मिनिटांचे मध्यंतर आहे, काही बोलायचे असेल तर तेव्हा बोलू. माणसे वेळ माहीत असली की थांबतात. वेळ माहीत नसली की दर दहा मिनिटांनी डोकावतात. थांबावे लागलेच तर प्रसंग पूर्ण होऊ द्यावा. वाक्याच्या मध्ये थांबवलेला प्रसंग पुन्हा सुरू करता येतो, पण त्याचा ताण परत येत नाही.

चित्राच्या आणि आवाजाच्या मांडणीबद्दल दोन-तीन गोष्टी एकदाच कराव्या लागतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर मोड’ निवडावा. बहुतेक नव्या टीव्हींमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय कारखान्यातूनच चालू असते: सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रपटात टीव्ही स्वतः अंदाजाने मधल्या चौकटी तयार करून घालतो आणि लाखमोलाचा चित्रपट स्टुडिओत उरकलेल्या मालिकेसारखा दिसू लागतो. मैदानी सामन्यांच्या थेट प्रक्षेपणासाठी ती सोय बरी, चित्रपटासाठी बंदच करावी. तीक्ष्णतेचा आकडा अगदी कमी ठेवावा आणि रंगाचे तापमान ‘उबदार’ बाजूला न्यावे. पहिला अर्धा तास चित्र पिवळट वाटेल, मग डोळे सरावतात आणि जुने निळसर चित्रच विचित्र वाटू लागते. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या तर चित्र मोठे करून त्या घालवू नयेत. रुंद पडद्यासाठी २.३९ : १ या प्रमाणात चित्रित केलेला चित्रपट १६ : ९ च्या टीव्हीवर उंचीचा सुमारे तीन चतुर्थांश भागच व्यापणार, पट्ट्या घालवल्या तर कडेची माणसे जातात.

संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा आणि स्फोट झाला की धावत जाऊन कमी करायचा, हा अनुभव तुम्हालाही असेलच. चित्रपटगृहात संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. घरी पाच-सहा वाटांनी येणारा आवाज टीव्हीच्या दोन लहान स्पीकरांत कोंबला जातो, आणि तेही बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. साउंडबार नसेल तर चित्रपट लावताना ध्वनीच्या पर्यायांत ‘५.१’ ऐवजी ‘स्टिरिओ’ निवडून पाहावे, आणि हळू व मोठ्या आवाजांतले अंतर कमी करणारा ‘नाइट मोड’ टीव्हीत असेल तर चालू करावा. संगीताची थोडी मजा कमी होईल, पण शब्द कळतील.

‘पुढचे आपोआप सुरू करा’ हा पर्याय मात्र आजच बंद करा. श्रेयनामावली सुरू होताच चित्र कोपऱ्यात आकसते आणि पुढच्या कशाची तरी जाहिरात सुरू होते, आणि चित्रपटाच्या शेवटी मिळायला हवी ती दोन-तीन मिनिटांची शांतता हिरावली जाते. आमच्या सभागृहात शेवटचे नाव वर जाईपर्यंत मी दिवे लावत नसे. त्यावरून माझ्याशी भांडणारेही होते, पण त्याच दोन-तीन मिनिटांत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात करणारेही पुष्कळ होते.

राहिला मोठ्या टीव्हीचा प्रश्न. ४३ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर असते. तीन मीटरवरून तो तुमच्या दृष्टिक्षेत्रात जेमतेम १८ अंश व्यापतो, आणि चित्रपट पाहण्यासाठी सर्वसाधारणपणे निदान ३० अंश असावेत असे मानले जाते. तेवढे अंश मिळवायचे तर याच टीव्हीपासून सुमारे १.८ मीटरवर, म्हणजे सहा फुटांवर बसावे लागेल. सोफा जागचा हलणार नसेल तर खेळापुरती एक आरामखुर्ची पुढे ओढून घ्या. आजवर ज्या मित्रांना हे सांगितले त्यांतल्या बहुतेकांचे काम तेवढ्यावर भागले. तुमचे नाही भागले तर पुढच्या महिन्यात दुकानात जाताना खुर्चीपासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजून सोबत न्या. विक्रेता इंच विचारील, तुम्ही त्याला मीटर सांगा.